बोर्डावर कोण बसणार

बाबा प्रार्थनाघराच्या मंचावर उताणे पडले होते आणि छताकडे बघत हुकूम सोडत होते.

"डावा स्पीकर आत वळव. आत म्हणजे माझ्या पायांकडे नाही, भिंतीकडे."

तोच स्पीकर उचलायला ते वाकले होते. कंबरेतून जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज आला आणि मग ते एखाद्या सरकारी इमारतीसारखे कोसळले. म्हणजे आधी थोडे कलले, मग बराच वेळ तसेच राहिले, आणि सगळ्यांना सवय झाल्यावर आडवे झाले.

"दाजी, उठा," मामा म्हणाला. "लोक यायला लागतील. त्यांना वाटेल तुम्हाला साक्षात्कार झालाय."

"झालाच आहे. स्पीकर तू उचलायला हवा होतास, असा."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बाबा आणि तो मिळून माइक-स्पीकरचा व्यवसाय करतात. कुठेही कुणाला मोठ्याने बोलायचं असेल तर आम्हाला बोलावतात. मी तिसरी. कागदोपत्री कर्मचारी, प्रत्यक्षात मुलगी, त्यामुळे रजा मिळत नाही.

मंच वीतभर उंचीचा होता आणि त्यावर गालिचा होता. आम्ही बाबांना गालिच्यासकट ओढत खाली उतरवलं. उतरताना त्यांनी जे शब्द उच्चारले ते त्या वास्तूत पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत. मागच्या भिंतीशी आमचं टेबल होतं आणि टेबलावर बोर्ड, म्हणजे सगळे माइक ज्यात येऊन मिळतात ते बटणांचं यंत्र. बाबांना टेबलाखाली सरकवलं. आईला फोन केला. ती म्हणाली, "हलवू नका त्यांना. कंबर गेलीय ना, तोंड चालू आहे ना? मग काळजी नाही."

काळजी होती. आता बोर्डावर कोण बसणार?

इथे आमच्याकडचा एक नियम सांगायला हवा. ज्याचा विश्वास आहे त्याने बोर्डावर बसायचं नाही. हा नियम कुणी बसून केला नाही, तो अपघातांतून तयार झाला. विश्वास असलेला माणूस शब्द ऐकतो आणि माइकवाल्याने आवाज ऐकायचा असतो. मामाचा देशावर गाढ विश्वास होता त्या काळात एका राष्ट्रीय दिनाला तो बोर्डावर होता. राष्ट्रगीत सुरू झालं, मामा ताठ उभा राहिला, डोळे भरून आले, हात बटणांवरून छातीवर गेला आणि स्पीकरने अशी शिट्टी मारली की संचलनातला एक घोडा वळून थेट सरकारी कचेरीत शिरला. त्याचं काम म्हणे लगेच झालं.

बाबांचं त्याच्या उलट. ते तेव्हा धार्मिक होते. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायचे. एकदा थोरल्यांचं अख्खं प्रवचन आवाजाविना झालं. थोरले म्हणजे प्रार्थनाघराचे प्रमुख, त्यांना सगळे थोरलेच म्हणतात. कुणीही तक्रार केली नाही. उलट त्या दिवशी लोक नेहमीपेक्षा प्रसन्न चेहऱ्याने बाहेर पडले.

पुढे यथावकाश बाबांचा धर्मावरचा विश्वास उडाला, मामाचा देशावरचा उडाला, आणि धंद्याची भरभराट झाली. प्रार्थनाघराची कामं बाबांकडे, सरकारी कामं मामाकडे. उरलेला विश्वास ज्याचा त्याने फावल्या वेळात सांभाळायचा. मामा दर सुट्टीच्या सकाळी प्रार्थनाघरात तिसऱ्या रांगेत बसतो. बाबा टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की जेवणावरून उठून उभे राहतात, हातात घास असतो तसा.

माझं म्हणाल, तर माझा दोन्हींवर कधीच नव्हता. तरी मला बोर्ड मिळत नाही. बाबा म्हणतात, असून गेलेला पाहिजे. ज्याचा कधी नव्हताच तो कंटाळतो आणि फोन बघतो. हे खोटं नाही. एका शोकसभेत सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे असताना बोर्डाला जोडलेल्या माझ्या फोनने साऱ्या सभागृहाला सांगितलं, "तुमची ऑर्डर निघाली आहे." मृताच्या काकांना ते सांत्वनाचं वाटलं, पण बाबांना नाही.

"मी बसतो," मामा म्हणाला आणि त्याने हेडफोन उचलला.

टेबलाखालून बाबांचा हात बाहेर आला आणि त्याने मामाचा घोटा धरला.

"तू नाही."

"का?"

"तुझा विश्वास आहे."

"आज प्रार्थना कुठे आहे? शोकसभा आहे. तीही बसस्टँडवरच्या बाईंची. मी काय डोळे मिटून बसणार?"

सभा होती ती बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंची. साऱ्या गावाने त्यांना ऐकलं होतं, बघितलं कुणीच नव्हतं. मंचावरचा फोटो पाहून येणारा प्रत्येक जण "अच्छा, अशा होत्या होय" असं म्हणून बसत होता.

"तू घरी जा," बाबा म्हणाले. "माझा कंबरेचा पट्टा आण."

"पट्टा गाडीत आहे. मी सकाळीच टाकलाय. तुमची चाल बघूनच वाटलं होतं."

"मग डॉक्टरला घेऊन ये."

मामाने तिथल्या तिथे डॉक्टरला फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, सपाट जमिनीवर पडून राहा. मामा वाकून म्हणाला, "बघा. तुम्ही आधीच औषध घेताय."

बाबा हरले की गप्प होतात, आणि घाबरले की पाठ दुखत नसल्यासारखं बोलतात. आता ते अगदी गोड आवाजात मला म्हणाले, "बये, जरा खाली ये. गालिचा टोचतोय."

मामा खुर्ची आणायला गेला होता. मी टेबलाखाली शिरले. गालिचा टोचत नव्हता.

"तुझ्या मामीच्या शोकसभेला बोर्डावर मी होतो," बाबा कुजबुजले. "थोरले आतल्या खोलीत होते. कॉलर माइक चालूच होता. सभागृहात आवाज बंद, पण हेडफोनवर सगळं येत होतं. त्यांनी सेवकाला विचारलं, 'नाव काय म्हणालास बाईचं?' त्याने सांगितलं. थोरले म्हणाले, 'बरं. मागच्या आठवड्यातलंच बोलतो, नाव तेवढं बदलतो.'"

"शांततेचं भाषण?"

"तेच. ते मी त्याआधी दुसऱ्या कुणासाठी ऐकलं होतं. त्यानंतर तर कितीदा. दरवेळी सभेआधी मी तुझ्या मामाला काही निमित्ताने पाठवून देतो. आजही तेच असणार."

मामी जाऊन काही वर्षं झाली. थोरले तेव्हा म्हणाले होते, "ती थोडं बोलायची. पण तिची शांतता घरभर असायची." हे ऐकून नातेवाईकांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. कारण मामी गच्चीवरून हाक मारायची तेव्हा दोन गल्ल्यांतली परकी मुलंसुद्धा जेवायला घरी जायची. आमच्या व्यवसायातल्या माणसाची बायको, पण तिला माइक द्यायची वेळ कधी आली नाही. मामाला मात्र ते वाक्य लागलं, म्हणजे औषध लागतं तसं लागलं. तो तोवर जेवत नव्हता, दाढी करत नव्हता. त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "सगळ्यांनी तिचा आवाज ऐकला. थोरल्यांनी तिच्या आतलं ऐकलं." आणि भात मागून घेतला. अजूनही मन उदास असलं की तो ते वाक्य स्वतःशी म्हणतो. आम्ही कुणी हसत नाही. पहिल्या वर्षी थोडं हसायचो.

"त्या दिवसापासून मी यांचा राहिलो नाही," बाबा म्हणाले. "पण त्याला कसं सांगणार? त्याच वाक्यावर तो उभा आहे."

मी टेबलाखाली बसून हे ऐकलं आणि माझी पंचाईत दुप्पट झाली. कारण मामाचं मला माहीत होतं. एकदा केबल गुंडाळता गुंडाळता त्याने सांगितलं होतं. सीमेवर मेलेल्यांच्या स्मरणाचा सरकारी कार्यक्रम होता आणि त्या मेलेल्यांतला एक शाळेत मामाच्या बाकावर बसायचा. मंत्री मंचावर आले, माइक हातात घेतला आणि बाजूच्या अधिकाऱ्याला हळूच म्हणाले, "शहिदांपैकी कोणी आलंय का? पहिल्या रांगेत बसवा त्यांना." हेडफोनवर मामा. तो म्हणाला, "आधी मला हसू आलं, भाचीबाई. घरी गेल्यावर थांबलं." आणि पुढे म्हणाला, "दाजींना सांगू नकोस. ते अजून उभे राहतात."

म्हणजे दोघांनी आपापल्या हेडफोनवर जे ऐकलं ते एकमेकांपासून लपवलं होतं, आणि ते सगळं येऊन माझ्याकडे साठलं होतं. ज्या माणसाचा कशावरच विश्वास नाही त्याच्याकडे लोक सगळं ठेवून जातात. सामानघरासारखं.

"आत जा," बाबा म्हणाले. "माइक तू लाव त्यांना. स्विच बंद ठेव. मंचावर येईपर्यंत चालू करायचा नाही."

"आणि मंचावर आल्यावर?"

बाबा टेबलाच्या खालच्या बाजूकडे बघत राहिले. तिथे कुणीतरी फार पूर्वी च्युइंगम लावून ठेवलं होतं.

मामा खुर्ची घेऊन आला, बसला, हेडफोन लावला. त्याचे गुडघे बाबांच्या तोंडासमोर आले. सभा सुरू व्हायला वेळ होता. लोक येत होते, खुर्च्या सरकत होत्या, आणि ते दोघं नेहमीसारखे बोलायला लागले. एक वर, एक खाली.

"दाजी, एक विचारू? तुम्ही यांचं सगळं सोडलंत. त्रास नाही झाला?"

"सुरुवातीला झाला. सुट्टीच्या सकाळी काय करायचं कळेना. मग झोपायला लागलो."

"बघा. तुमचं सोपं आहे. तुम्ही इथे यायचं बंद केलंत की सुटलं. मी देशात जायचं बंद कसं करू? घरी बसलो तरी घर त्यातच आहे."

"पण तुला निदान लवकर कळतं," टेबलाखालून आवाज आला. "धर्माने दिलेला शब्द मेल्याशिवाय तपासता येत नाही. देशाचा शब्द सकाळी नळ सोडला की कळतो."

"म्हणून तर रोज नव्याने विटतो मी. तुमचं एकदाच झालं."

हे खरं होतं. बाबांचा भ्रमनिरास केव्हाच निवृत्त झाला होता, खाऊन-पिऊन सुखी होता. मामाचा अजून नोकरीत होता आणि रोज कामावर जायचा.

"तुझं तरी बरं," बाबा म्हणाले. "तू चार शिव्या दिल्यास तर लोक तुझ्याबरोबर आणखी चार देतात. मी इथल्याबद्दल ब्र काढला तर तुझी बहीण जेवायला वाढताना भांडं आपटते."

"ती तशीही आपटते."

"तेही खरं."

"देवावर राग आहे तुमचा?"

"छे. देवाने माझं काय केलंय? राग असलाच तर व्यवस्थापनावर."

मामा जरा विचार करून म्हणाला, "माझ्या बाबतीत ते वेगळं काढता येत नाही. देशातून व्यवस्थापन वजा केलं तर उरतं काय?"

"बसस्टँड," बाबा म्हणाले. "तिथे थांबलेली माणसं."

"आणि गाडी?"

"गाडी व्यवस्थापनाकडे."

दोघंही हसले. हसल्याने बाबांच्या कंबरेत कळ गेली आणि त्यांनी मामाच्या पोटरीचा आधार घेतला. मामाने पाय हलवला नाही. मी कॉलर माइक घेऊन आत गेले.

आतल्या खोलीत थोरले खुर्चीत बसून लिमलेटची गोळी चघळत होते. मी त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या आणि पाय सुजलेले. सेवक बाजूला उभा.

"आज कोण आहे रे?" थोरल्यांनी विचारलं.

"बसस्टँडवर घोषणा करायच्या त्या बाई."

"हं. शांततेचं घेऊ."

माझ्या हातातल्या माइकचा स्विच बंद होता. मी तो त्यांच्या कॉलरला लावला आणि न राहवून म्हणाले, "त्या घोषणा करायच्या. त्यांचं शांततेचं कसं चालेल?"

सेवकाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू स्पीकर स्वतःहून बोलला. थोरले रागावले नाहीत. त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"बाळ, माझ्याकडे दुसरंही होतं. कष्टांचं होतं, मायेचं होतं. त्याला लोक घड्याळ बघतात. शांततेला रडतात."

"पण खरं नसेल तर?"

"आता शांतच आहेत ना त्या?" थोरले म्हणाले आणि नाड्या बांधायला वाकले. त्यांना वाकता येईना, म्हणून मी बांधल्या. त्या दिवशी माझ्या आजूबाजूच्या कुठल्याही वडीलधाऱ्याची कंबर धड नव्हती.

मी परत आले तर मामा कपाळाला आठ्या घालून बटणं तपासत होता. "आतून काहीच येत नाही. स्विच बंद आहे का?"

"बॅटरी वाचवतेय," मी म्हणाले.

"नवीन घातलीय मी सकाळी."

मी टेबलाखाली बाबांशेजारी जाऊन बसले. खरं तर तिथे माझं काही काम नव्हतं.

थोरले मंचावर गेले आणि सेवकाने त्यांच्या कॉलरचा स्विच चालू केला. मामाने आवाज इतका सुरेख बसवला की थोरल्यांचा श्वाससुद्धा गालिचा पसरावा तसा सभागृहात पसरला. थोरले थोडा वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही थोडं बोलायची."

बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"ही थोडं बोलायची. पण हिची शांतता घरभर असायची."

पहिल्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मी मामाच्या गुडघ्यांकडे बघत होते, दुसरं काही दिसतच नव्हतं. गुडघे हलले नाहीत. सभागृहातला आवाज घसरला नाही, शिट्टी वाजली नाही. बसस्टँडवरच्या बाईंची शांतता, जी आम्ही सर्वांनी वर्षानुवर्षं फलाट क्रमांकांसकट ऐकली होती, ती सुरळीत संपली. लोक उभे राहिले, स्तब्ध झाले, बसले.

मग मामाचं डोकं टेबलाखाली आलं. डोळे ओले होते आणि चेहरा सणासारखा.

"दाजी, ऐकलंत? तिचं बोलले!"

बाबांनी माझा हात सोडला.

"इतकी वर्षं झाली," मामा म्हणाला, "अजून विसरले नाहीत तिला. दुसऱ्या बाईबद्दल बोलायला गेले आणि तिचेच शब्द आले तोंडात. माणूस मनात किती खोल बसलं तर असं होतं!"

आणि डोकं परत वर गेलं.

तिन्ही त्रिकाळ ठाम असलेला आमच्या घरचा नास्तिक टेबलाखाली उताणा पडून हळूच म्हणाला, "हे मला सुचलंच नसतं."

सभा संपल्यावर बाबांना गाडीपर्यंत न्यायचा प्रश्न आला. स्पीकर वाहायची आमची चाकांची एक लांबट ट्रॉली आहे. तिच्यावर गालिचा अंथरून आम्ही बाबांना ठेवलं. स्पीकरला बांधतो तो पट्टाही बांधला, कारण मामा कामात हयगय करत नाही. ट्रॉली दोन रांगांच्या मधून निघाली तेव्हा उरलेसुरले लोक आपोआप उभे राहिले. काहींनी मान खाली घातली. बाबांनी झोपल्या झोपल्या हात वर करून "बसा, बसा" अशी खूण केली आणि एका आजीबाईंना भोवळ आली.

दाराशी बसस्टँडवरच्या बाईंचा मुलगा उभा होता. मामाचा हात धरून म्हणाला, "फार छान ऐकू आलं. एक सांगू? आई घरी आली की खरंच एक शब्द बोलायची नाही. दिवसभर ओरडून घसा बसलेला असायचा. खुणेने पाणी मागायची. आम्ही बाहेर कुणाला हे सांगितलंही नव्हतं. थोरल्यांना कसं कळलं?"

"त्यांना कळतं," मामा म्हणाला.

ट्रॉलीवरून मोठा उसासा ऐकू आला. बाबांसाठी तो दिवस सगळ्या बाजूंनी अवघड चालला होता. इतकी वर्षं गावभर वाटलेलं ते भाषण शेवटी एकदा कुणाच्या तरी मापाचं निघालं होतं.

अंगणात आलो. दिवे लागले होते. मी केबल गाडीत टाकत होते. मामाने ट्रॉली थांबवली, पण गाडीकडे नेईना. ट्रॉलीचा दांडा धरून तो तसाच उभा राहिला.

"दाजी, मी मूर्ख नाही."

"कोण म्हणालं?"

"बॅटरी नवीन होती. स्विच तुम्ही बंद ठेवायला सांगितलात हिला. मी आतलं ऐकू नये म्हणून."

मी केबल फार काळजीपूर्वक गुंडाळायला लागले. ती आधीच गुंडाळलेली होती.

"माझा देशावरचा विश्वास हेडफोनमुळे गेला," मामा म्हणाला. "काय ऐकलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुम्ही आपले उभे राहत जा. तुमचंही असंच काहीतरी झालं असणार, हेडफोनवरच. कधी झालं ते मी विचारलं नाही. पण आज मघाशी वर बसल्या बसल्या हिशोब लागला. तिच्या सभेला बोर्डावर तुम्ही होतात. आणि त्यानंतरच्या सुट्टीपासून तुम्ही सकाळी झोपायला लागलात."

बाबा पट्ट्याने बांधलेले होते. उठून जाता येत नव्हतं, कूससुद्धा बदलता येत नव्हती. ते वर बघत होते. वर अंगणातला दिवा होता आणि त्याभोवती किडे.

"बाकी जे काही ऐकलं असेल ते ठेवा तुमच्याकडे," मामा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "त्यांचे हिशोब, त्यांची भांडणं, काय असेल ते. पण तिच्याबद्दल काही बोलले असतील तर तेवढं मला सांगा. वाईट असलं तरी सांगा."

बाबा खोटं बोलत नाहीत. हा त्यांचा गुण आहे असं ते मानतात आणि दोष आहे असं आई मानते. प्रार्थनाघर सोडलं तेसुद्धा खोटं सोसत नाही म्हणून. मी केबल खाली ठेवली. मला काहीतरी बोलायला हवं होतं, विनोद करायला हवा होता, तेच माझं काम आहे घरात.

"नाव विचारलं," बाबा म्हणाले.

"कुणाचं?"

"तिचं. मंचावर जायच्या आधी. सेवकाला विचारलं, 'नाव काय म्हणालास बाईचं?'"

मामा वाकला. "नाव?"

"हो." बाबांनी पोटावरचा पट्टा चाचपला. "चुकू नये म्हणून."

दिव्याभोवती किडे आपटत होते. मग मामा हळूहळू मान हलवायला लागला.

"सगळे चुकायचे तिचं नाव," तो म्हणाला. "शाळेच्या दाखल्यावर चुकलेलं. लग्नाच्या पत्रिकेत चुकलं. दवाखान्यातसुद्धा दुसऱ्याच नावाने पुकारायचे आणि ती भांडायची, आठवतं? अख्खा दवाखाना गोळा करायची." तो थांबला. "त्या दिवशी नाही चुकलं."

"नाही," बाबा म्हणाले. "अगदी बरोबर घेतलं."

तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

मामाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. अंगण आणि रस्ता यांच्यामध्ये दगडाचा एक उंच काठ होता. तिथे स्पीकर नेताना आम्ही ट्रॉली नेहमी धाडकन उतरवतो. मामाने मला मागे धरायला सांगितलं, स्वतः पुढे जाऊन दोन्ही हातांनी चाकं उचलून घेतली आणि बाबांना काठावरून असं खाली घेतलं की त्यांच्या पोटावर ठेवलेला हातसुद्धा हलला नाही.

"दुखलं का, दाजी?"

"नाही," बाबा म्हणाले. "चल."